फोन आपला, कुलूप कंपनीचे

आपल्या कष्टकरी घरांतली महिन्याच्या खर्चाची वही उघडून पाहा. किराणा, दूध, वीजबिल, मुलांची फी यांच्या खाली आता आणखी एक ओळ कायमची येऊन बसली आहे, ती म्हणजे मोबाईलचा रिचार्ज. घरात पाच माणसे असली तर तीन-चार फोन असतात, आणि महिना भरायच्या आत प्रत्येक फोन हात पसरतो. हा खर्च चैनीचा राहिलेला नाही. रेशनच्या दुकानापासून बँकेच्या खात्यापर्यंत, मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जापासून बिगारी कामाच्या बोलावण्यापर्यंत सगळे काही त्या दहा आकडी नंबरावर येऊन थांबले आहे. म्हणून कोणत्या कंपनीचे कार्ड घ्यावे, हा प्रश्न आज घरातला महत्त्वाचा प्रश्न आहे. पण आपण तो प्रश्न बहुधा एकाच मापाने सोडवतो. स्वस्त कोण?

स्वस्त कोण, हे विचारायलाच हवे. घामाचा पैसा आहे. परंतु त्याच्या आधी विचारायचा एक प्रश्न आहे, आणि तो विचारायला आपल्याला कुणी शिकवलेला नाही. फोन मी माझ्या पैशाने विकत घेतला. मग त्या फोनमध्ये ज्या सोयी आहेत त्या मला वापरू द्यायच्या की नाही, हे ठरवणारी कार्डाची कंपनी कोण? आणि ती मला नको झाली तर माझा नंबर, माझा फोन घेऊन मला तिच्या दारातून बाहेर पडता येते का?

हा प्रश्न कुठून आला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपल्या देशात मोबाईलवरून पहिला फोन ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्या काळी मोबाईल हा साहेबलोकांचा दागिना होता. केलेल्या फोनला तर पैसे पडतच, पण आलेल्या फोनलाही पडत. गरिबाच्या हातात मोबाईल आला तो २००३ नंतर. त्या वर्षीच्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा, अशी योजना काढली. उरलेले पैसे महिन्याच्या बिलातून द्यायचे होते. रिक्षावाले, भाजीवाले, गवंडी यांच्या हातात फोन दिसू लागले, ही गोष्ट चांगलीच झाली. पण ते फोन सीडीएमए नावाच्या पद्धतीचे होते. त्यांत वेगळे सिमकार्ड घालायची सोयच नव्हती. नंबर फोनच्या पोटात बसवलेला असे. कंपनी सोडायची म्हणजे नंबरही सोडायचा आणि फोनही. पुढे ती सेवाच बंद पडली आणि ते फोन कपाटातली खेळणी झाले.

हे केवळ आपल्या देशात, आपण गरीब म्हणून घडले, असे मात्र समजू नका. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात २००४ साली व्हेरायझन या कंपनीने मोटोरोलाचा एक महागडा फोन विकायला काढला. त्या फोनमध्ये ब्लूटूथ होते. ब्लूटूथ म्हणजे शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या फोनकडे किंवा कॉम्प्युटरकडे फोटो, गाणी बिनतारी आणि फुकट पाठवण्याची सोय. पण व्हेरायझनने आपल्या गिऱ्हाइकांना दिलेल्या फोनमध्ये नेमकी ही फोटो पाठवण्याची सोय बंद करून ठेवली. ब्लूटूथवर फक्त कानाला लावायचे यंत्र चाले. फोटो फोनबाहेर काढायचा तर कंपनीच्या जाळ्यातून पाठवा आणि पैसे मोजा. लोक चिडले, कोर्टात गेले. २००७ साली आयफोन निघाला तेव्हा तोही त्या देशात फक्त एटीअँडटी या एकाच कंपनीच्या कार्डावर चाले. शेवटी २०१४ साली तिथे कायदा करावा लागला, तेव्हा आपल्या फोनचे कुलूप काढण्याचा हक्क गिऱ्हाइकाला मिळाला. म्हणजे रोग जुना आहे आणि सगळीकडचा आहे. वस्तू विकायची, पण तिची किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, असा हा व्यवहार आहे.

आपल्याकडे २०१७ साली जिओफोन आला. बटणांचा फोन, पण त्यात नेट. १,५०० रुपये अनामत भरायची, तीन वर्षांनी ती परत मिळणार, असे सांगितले होते. ज्या घरात कधी नेट आले नव्हते अशा कितीतरी घरांत या फोनने नेट आणले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु तो फोन जिओच्याच कार्डावर चालत असे. दुसऱ्या कंपनीचे कार्ड त्यात घातले तरी उपयोग नाही. त्यात कोणते ॲप असावे हेही कंपनीच्या दुकानावर अवलंबून. सगळे जग व्हॉट्सॲपवर बोलत होते, पण या फोनवर व्हॉट्सॲप यायला सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले. पुढे जुलै २०२३ मध्ये जिओभारत नावाचा फोन ९९९ रुपयांना आला, तोही त्याच कंपनीच्या कार्डापुरता. स्वस्त आहे, हे खरे. पण स्वस्ताईची दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. ज्या दिवशी तुमच्या घरात त्या कंपनीची रेंज कमी होईल, किंवा तिचा पॅक महाग होईल, त्या दिवशी तुम्हाला कार्ड बदलून भागणार नाही. फोनही बदलावा लागेल.

कुणी म्हणेल, यात एवढे काय? हजार रुपयांचा तर फोन. ज्याला हजार रुपये म्हणजे दोन दिवसांची मजुरी आहे, त्याने तसे म्हणू नये.

आता सगळेच कुलूप फोनमध्ये असते असे नाही. पुष्कळदा ते पॅकमध्ये असते. माझ्या धाकट्या बहिणीचेच सांगते. ती डोंबिवलीला भाड्याच्या खोलीत राहते आणि आजारी माणसांची सेवा करायला घरोघरी जाते. तिला काम फोनवरूनच मिळते. सकाळी सहाला फोन येतो, अमुक पत्त्यावर बारा तासांची ड्युटी आहे, येणार का? तिने लगेच हो म्हटले तर काम तिचे. फोन लागला नाही तर पुढच्या बाईला. २०२१ साली तिने खोली बदलली. नवी खोली तळमजल्यावर, मागच्या अंगाला. तिथे तिच्या कंपनीची रेंज येईना. खोलीत असली की फोन मेला, गल्लीत आली की जिवंत. एकाच महिन्यात तिच्या चार ड्युट्या हुकल्या. चार दिवसांची मजुरी गेली, पण त्याहून वाईट म्हणजे, ‘या बाईचा फोन लागत नाही’ अशी तिची ओळख होऊ लागली.

मी म्हटले, “अगं, दुसऱ्या कंपनीचे नवे कार्ड घे.”

ती म्हणाली, “ताई, नंबर कसा बदलू? माझ्या सगळ्या पेशंटांच्या घरी हाच नंबर आहे. बँकेत हाच, आधारला हाच. सोनूच्या शिष्यवृत्तीचा ओटीपी याच नंबरावर येतो.”

तिचे म्हणणे खरे होते. तिची मुलगी कॉलेजला आहे. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आता महाडीबीटीवर भरावा लागतो आणि आधारला जोडलेल्या नंबरावर आकडा आल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. नंबर म्हणजे आज माणसाचा पत्ताच झाला आहे. तो टाकून देता येत नाही.

त्यावर उपाय आहे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची. त्याला आपण पोर्ट करणे म्हणतो. ही सोय भारतात प्रथम २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून सगळ्या देशात मिळाली. ३ जुलै २०१५ पासून तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले तरी नंबर तोच ठेवता येतो. त्यासाठी १९०० या नंबरावर एक मेसेज पाठवायचा असतो. बहिणीने तो पाठवला. मेसेज जाईना. पुन्हा पाठवला. जाईना. दुकानदाराकडे गेली तेव्हा कळले की तिने भरलेल्या स्वस्त पॅकमध्ये मेसेज पाठवण्याची सोयच नाही. ती हवी असेल तर मोठा पॅक मारा. म्हणजे ज्या कंपनीला सोडून जायचे, तिलाच आधी जास्त पैसे द्या आणि मग जा! फोनमध्ये मेसेजची सोय होती. बोटांत बळ होते. पण बाहेर जायचा दरवाजाच कंपनीने बाहेरून लावून घेतला होता.

ही तक्रार एकट्या माझ्या बहिणीची नव्हती. देशभरातून अशा तक्रारी गेल्या आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ज्याला ट्राय म्हणतात, डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या कंपन्यांना आदेश दिला की पॅक कितीही लहान असो, गिऱ्हाइकाचा पोर्टसाठीचा १९०० वरचा मेसेज गेलाच पाहिजे. त्यानंतर जानेवारीत माझ्या बहिणीने कंपनी बदलली. नंबर तोच राहिला. आता सकाळी सहाचा फोन खोलीत वाजतो. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आज एक कंपनी असे करते, उद्या दुसरी करील. प्रश्न नावाचा नाही, दरवाजाचा आहे.

आपल्या समाजाला हा प्रश्न वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही, असे मला वाटते. सोडून जाण्याचा हक्क म्हणजे काय, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे? १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ती प्रत्यक्षात आणली. मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी निरनिराळे धर्म तपासले, घाई केली नाही, आणि मग लाखो लोकांसह आपल्या पायांनी बाहेर पडले. त्या महान घटनेची एका यंत्राशी तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण त्या घटनेने आपल्याला एक सवय लावली आहे. जिथे आपला मान नाही, जिथून बाहेर पडू देत नाहीत, तिथे ‘चालायचंच’ म्हणून बसून राहायचे नाही. आणि जायचे ते तपासून जायचे. ही सवय मोठ्या गोष्टींत वापरणाऱ्या समाजाने रोजच्या लहान व्यवहारात ती विसरून जावी, हे बरोबर नाही.

तपासायचे कसे? तथागतांनी कालाम लोकांना सांगितले ते आपण धम्मवर्गात ऐकतो. कुणी सांगितले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका; स्वतः पारखून, हिताचे आहे असे अनुभवाला आले तर स्वीकारा. कार्ड घेतानाही हेच करावे. जाहिरातीतला नट सांगतो म्हणून घेऊ नये. दुकानदार एका कंपनीचे नाव पुढे करतो, तेव्हा त्याला त्यात काय मिळते, हा विचार करावा. ‘आमच्या साहेबांकडे हेच आहे’ हेही कारण नव्हे. साहेबांचे घर दहाव्या मजल्यावर आहे, आपले तळमजल्यावर.

पहिली पारख रेंजची. रस्त्यावर उभे राहून रेंज पाहण्यात अर्थ नाही. जिथे आपण झोपतो, स्वयंपाक करतो, जिथे कामाला जातो, तिथे ती आहे का ते पाहायचे. यासाठी पैसे लागत नाहीत. शेजारपाजारच्या बायकांकडे निरनिराळ्या कंपन्यांची कार्डे असतात. एखादीला चहाला बोलवावे आणि तिच्या फोनवरून घरातल्या प्रत्येक कोपऱ्यातून एकेक फोन लावून पाहावा. गावी म्हातारे आईवडील असतील तर तिथलेही विचारावे. आमचे गाव मंडणगड तालुक्यातले. तिथे डोंगराच्या एका अंगाला एक कंपनी चालते, दुसऱ्या अंगाला दुसरी. मुंबईत जे चांगले ते गावी चांगले असेलच असे नाही.

दुसरी पारख फोन आणि कंपनी यांच्या जोडीची. जुना, साधा टू-जी फोन एअरटेल, व्होडाफोन आयडिया, बीएसएनएल यांच्या कार्डावर चालतो, पण जिओच्या कार्डावर चालत नाही, कारण त्या कंपनीने टू-जीचे जाळे टाकलेलेच नाही. तिच्यासाठी फोर-जीवर बोलण्याची सोय, म्हणजे व्होल्टी, फोनमध्ये असावी लागते. घरात चांगला चालणारा जुना फोन असेल तर ही गोष्ट आधी पाहावी, नाहीतर कार्डाबरोबर फोनचाही खर्च अंगावर येतो. दुसरी एक सोय वाय-फाय कॉलिंगची. २०१९ च्या डिसेंबरात एअरटेलने आणि २०२० च्या जानेवारीत जिओने ती आणली. घरात रेंज नसली, पण वाय-फाय असले, तर त्यावरून साधा फोन येतो आणि जातो. काँक्रीटच्या जाड भिंतींच्या घरात ही सोय फार उपयोगी पडते. पण त्यासाठी फोनमध्येही ती सोय असावी लागते आणि कंपनीनेही त्या फोनला ती द्यावी लागते. तेव्हा कार्ड घेण्याआधी फोनचे नाव आणि मॉडेल सांगून स्पष्ट विचारावे की आमच्या या फोनवर तुमची व्होल्टी चालेल का, वाय-फाय कॉलिंग चालेल का? तसेच मुलांना अभ्यासासाठी एकाच फोनचे नेट वाटून द्यायचे असेल तर हॉटस्पॉटवर काही अट आहे का? ‘हो हो, सगळं चालतं’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. समोर चालवून दाखवायला सांगावे. विचारायला लाजण्याचे कारण नाही. पैसे आपण देतो.

तिसरी पारख नवा फोन घेताना. दुकानातच त्या फोनमध्ये दोन निरनिराळ्या कंपन्यांची कार्डे घालून पाहावीत. दोन्हींवर फोन लागला तर फोन मोकळा आहे. एकच चालले तर त्याला कुलूप आहे, हे ओळखावे. शक्य असेल तर दोन कार्डांचा फोन घ्यावा. एक कार्ड बोलण्याचे, दुसरे अडीअडचणीचे. बिल घ्यायला विसरू नये.

चौथी पारख पॅकची. फक्त बोलण्यापुरता फोन वापरणाऱ्या माणसाला नेटचेही पैसे का भरावे लागावेत? आमच्या आईचे म्हणणे साधे असते. ती म्हणते, “मला नेट-बिट काय करायचंय? पोरांचा आवाज आला म्हणजे झालं.” एके काळी लाइफटाइम कार्ड घेतले की येणारे फोन चालू राहत. २०१८ च्या अखेरीपासून किमान रिचार्ज मारला नाही तर येणारे फोनही बंद होऊ लागले. पुढे बहुतेक पॅकना नेट जोडलेले असायचे. हवे असो वा नसो, पैसे भरायचे. याबाबतही ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी नियम केला की प्रत्येक कंपनीने फक्त बोलणे आणि मेसेज यांचा किमान एक तरी वेगळा पॅक ठेवला पाहिजे, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. जानेवारी २०२५ पासून कंपन्यांनी असे पॅक आणले. पण दुकानदार आपण होऊन त्यांचे नाव काढीलच असे नाही. आपणच मागावे लागते. मात्र रोजचा हिशेब काढून पाहावा. नेट नको म्हणून घेतलेला पॅक किती दिवस चालतो आणि दिवसाला किती पडतो, हे वहीत लिहून मगच ठरवावे.

काही वाचक म्हणतील, गरिबाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, फुकट किंवा स्वस्त मिळते हे काय थोडे आहे? हाच युक्तिवाद २०१५ साली मोठ्या प्रमाणावर झाला होता. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने एक योजना आणली, तिला पुढे ‘फ्री बेसिक्स’ असे नाव मिळाले. गरिबांना नेट फुकट, पण सगळे नेट नव्हे. योजनेत घेतलेल्या मोजक्याच जागा पाहायच्या. बाकीच्यांसाठी पैसे. वृत्तपत्रांतून जाहिराती झाल्या, गरिबांच्या कल्याणाचे पुष्कळ नाव घेतले गेले. देशातल्या तरुणांनी तिला विरोध केला आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने असा भेदभाव करणारे दर लावण्यास बंदी घातली. ती बंदी योग्यच होती. श्रीमंताच्या मुलाला सगळे ग्रंथालय मोकळे आणि आपल्या मुलाला दाराशी ठेवलेली चार पुस्तके, ती चार पुस्तके कोणती हेही दुसऱ्याने ठरवायचे, असा त्याचा अर्थ होता. वेगळा पाणवठा ज्यांनी नाकारला, त्यांच्या नातवंडांनी वेगळे नेट का स्वीकारावे? आपली साप्ताहिके, आपल्या शाहिरांची गाणी, आपल्या विहारांचे कार्यक्रम आज मोबाईलवर पोचतात. कोणते पाहायचे हे आपणच ठरवायचे आहे.

आता आमच्या आईच्या फोनचे सांगते, कारण असा प्रसंग तुमच्याही घरी येईल. मागल्या वर्षी तिचा जुना फोन बिघडला. धाकटा भाऊ एकाच कंपनीच्या कार्डावर चालणारा स्वस्त फोन पाहून आला. तो म्हणाला, “ताई, एवढ्या स्वस्तात दुसरा मिळणार नाही. नेटपण आहे.” आम्ही दोघांनी बसून विचार केला. त्या कंपनीची रेंज आमच्या घरात ओटीवर येते, माजघरात येत नाही. रात्री-अपरात्री आईला बरे वाटले नाही तर ती अंधारात ओटीवर येऊन फोन लावणार का? कार्ड बदलायचे तर फोन फेकावा लागणार. शेवटी चारशे रुपये जास्त घालून दोन कार्डांचा, बटणांचा, मोकळा फोन घेतला. एक कार्ड माजघरात चालणाऱ्या कंपनीचे, त्यात बोलण्याचा पॅक. आईने तो उशाला ठेवला आहे. चारशे रुपये आम्हाला सहज आले नाहीत. भावाने दोन रविवार जादा काम केले. पण त्या चारशे रुपयांत आईचा फोन कुणाचा मिंधा राहिला नाही.

पोर्ट करायचे असेल त्यांच्यासाठी पद्धत थोडक्यात लिहिते. इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’ हा शब्द लिहून, एक जागा सोडून आपला नंबर लिहावा आणि त्याच फोनवरून १९०० ला पाठवावा. उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा एक संकेत येतो. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. तेवढ्यात आधारकार्ड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. त्याच विभागात तीन कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या विभागात पाच. मुंबईचा मोबाईल विभाग महाराष्ट्राहून वेगळा आहे, हे गावचा नंबर मुंबईत आणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. एका कंपनीत किमान नव्वद दिवस झालेले असावे लागतात आणि पोस्टपेडचे बिल थकलेले नसावे. बँकेत किंवा आधारमध्ये काही बदलावे लागत नाही, कारण नंबर तोच असतो. तो संकेत फक्त दुकानात, समोरासमोर द्यावा. फोनवरून मागणाऱ्याला, तो कितीही गोड बोलला तरी, सांगू नये. कंपनी दाद देत नसेल तर १९८ वर तक्रार करावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा.

आणखी एक गोष्ट बहिणींसाठी. तुमचा नंबर कुणाच्या नावावर आहे? पुष्कळ घरांत बायकोचे कार्ड नवऱ्याच्या, आईचे मुलाच्या, सुनेचे दिराच्या नावावर असते. कधी तर ओळखीच्या दुकानदाराच्या नावावर असते. ज्याच्या नावावर कार्ड, त्याच्याच सहीने ते बदलते. उद्या कंपनी बदलायची, हरवलेले कार्ड परत काढायचे, तर त्या माणसाची वाट पाहावी लागते. घरातल्या प्रत्येक सज्ञान बाईचा नंबर तिच्या स्वतःच्या नावावर असला पाहिजे. कंपनीने घातलेले कुलूप आपण काढू म्हणतो, तर घरातले कुलूपही काढले पाहिजे. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले, ते बाईच्या नावावर काहीतरी असावे म्हणूनच ना?

हे सगळे एकट्या-दुकट्याने करणे अवघड वाटेल. म्हणून माझी एक सूचना आहे. रविवारी वंदना झाल्यावर विहारात आपण बसतोच. एखाद्या रविवारी महिला मंडळाने अर्धा तास या कामाला द्यावा. एका वहीत वस्तीतल्या गल्ल्या लिहाव्यात आणि कोणत्या गल्लीत कोणत्या कंपनीची रेंज घरात येते, ते ज्याच्या त्याच्या अनुभवावरून मांडावे. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी मोठ्यांचे फोन तपासून द्यावेत, की कुलूप आहे की मोकळा, व्होल्टी सुरू आहे की नाही, कार्ड कुणाच्या नावावर. आमच्या विहारात असे केले तेव्हा चाळीस घरांची वही तयार झाली. त्यात सात बायकांचे नंबर दुसऱ्याच्या नावावर निघाले. त्यांतल्या पाच जणींनी ते आपल्या नावावर करून घेतले आहेत. उरलेल्या दोघींचे काम चालू आहे.

जयभीम!